जीपच्या दारातलं भोक

मुलांनो, एक पत्र्याची पेटी डोळ्यांसमोर आणा. खेळण्यांची नव्हे; चांगली मोठी, आत सहा माणसं बसतील एवढी. तिला खाली चार चाकं लावा, पुढे इंजिन लावा, वरून दुपारचं ऊन ओता आणि सगळ्या काचा गच्च बंद करा. आता त्या पेटीत मागच्या बाकावर तुम्ही बसला आहात. रस्ता दगडांचा आहे, त्यामुळे बसला आहात असं आपण म्हणायचं एवढंच. खरं तर तुमची आणि बाकाची अधूनमधून भेट होते आहे. नाकात काय काय येतंय ते सांगा पाहू. तापलेलं रबर? बरोबर. पेट्रोल? बरोबर. ओल्या कुत्र्याचा वास? तोही येतो, जरी त्या गाडीत कुत्रा कधीच बसला नव्हता. आणि आणखी एक गोष्ट तिथे आहे, जिला वासच नाही. ती तुम्हाला ओळखता येणार नाही. ती कोणती, ते मी आत्ता सांगत नाही. भ्यायला अजून पुष्कळ वेळ आहे.

तुम्ही जिथे बसलात, तिथे नऊ वर्षांची एक मुलगी बसायची. तिचं खरं नाव शाळेच्या हजेरीपटावर होतं, पण घरीदारी सगळे तिला चौकशी म्हणत. ती दिवसभर 'का' आणि 'कुठून' एवढे दोनच शब्द वापरी आणि त्यावर तिचं झकास भागत असे. गाडी चालवायचे तिचे बाबा. त्यांना कचेरीत सावधानराव म्हणत.

सावधानराव विमा कचेरीत होते, अपघात विभागात. रोज दहा-बारा अपघात त्यांच्या टेबलावर येत. त्यांना ते टाचणी लावत, दोरी बांधत, आडवा शिक्का मारत आणि कपाटात नीट उभे करून ठेवत. वीस वर्षं हे काम केल्यावर माणूस कशाकशानं जायबंदी होऊ शकतो याचं इतकं पद्धतशीर ज्ञान त्यांना झालं होतं, की सकाळी दात घासणं हेही त्यांना धाडस वाटे. शिडी म्हणजे फाईल. ओली फरशी म्हणजे फाईल. चालत्या गाडीच्या खिडकीतून बाहेर आलेला हात म्हणजे फाईल, आणि खिडकीतून आत आलेली मधमाशी म्हणजे त्याहून जाड फाईल. म्हणून त्यांच्या गाडीच्या काचा कधी खाली होत नसत. तसा मागच्या काचांचा प्रश्नच नव्हता. त्या गंजून जाग्यावर चिकटल्या होत्या. पण पुढच्या दोन्ही खिडक्यांचे दांडे सावधानरावांनी काढून घरच्या खणात ठेवले होते. खबरदारी.

एवढ्या भित्र्या माणसानं सव्वीस वर्षांची जुनी जीप ठेवलीच कशाला, असं तुम्ही विचाराल. त्याचं कारण चौकशीचे आजोबा. आईचे वडील. ते डोंगरावर, दगडाच्या खाणीच्याही पलीकडे राहायचे. शेवटचे अकरा किलोमीटर रस्ता म्हणजे नुसता वाळलेला ओढा. बस तिथे जात नाही, साध्या मोटारीचं पोट खरवडून निघतं. ही जीप आजोबांचीच. डोळ्यांना कमी दिसू लागलं तशी त्यांनी ती जावयाला देऊन टाकली. सासऱ्यानं हौसेनं दिलेली वस्तू नको म्हणायला जे धैर्य लागतं, ते सावधानरावांकडे कुठून असणार?

दर दुसऱ्या शनिवारी तिघं डोंगरावर निघत, आणि दर दुसऱ्या शनिवारी खाणीच्या वळणापर्यंत चौकशीचं डोकं ठणकायला लागे आणि मग तिला उलटी होई. आजोबांच्या दारात पोचली की अर्ध्या तासात पोर पुन्हा टुणटुणीत. सुरुवातीला सगळे म्हणाले, गाडी लागते. पण बसमध्ये तिला काही होत नसे, झोपाळ्यावर काही होत नसे. पाचव्या शनिवारनंतर आईनं कंबरेवर हात ठेवले. आई ग्रंथालयात काम करायची आणि तिथल्या सवयीनं रागावली की आवाज आणखी खाली आणायची.

"अहो," ती हळूच म्हणाली, "पुढच्या खेपेला पोरीला उलटी झाली, तर ही जीप भंगारात. मग बाबांना भेटायला मी पायी जाईन. एकटी."

"आणि मी?" चौकशीनं विचारलं.

"तू परीक्षा संपल्यावर. वर्षातून एकदा."

चौकशी एरवी रडत नसे, पण त्या दिवशी ती रडली आणि तेही 'का' न विचारता. सावधानरावांना भीती एकच वाटत होती, आणि ती जीप जाईल याची नव्हती. त्यांना वाटत होतं, पोरीला काहीतरी होतंय आणि ते आपल्याला कळत नाहीये. कपाटातल्या निम्म्या फायली याच वाक्यानं सुरू व्हायच्या.

"हवा कोंडते," ते शेवटी म्हणाले. "आत हवा खेळती केली पाहिजे."

हे वाक्य त्यांनी इमारतीच्या खाली, जीपजवळ उभं राहून म्हटलं, ही पहिली चूक. कारण खाली बोललेलं वाक्य वर प्रत्येक मजल्यावर जातं आणि उतरताना सल्ला घेऊन उतरतं.

पहिल्यांदा आले बॉयलरकाका. कारखान्याच्या बॉयलरवर तीस वर्षं काढलेला माणूस. घरात चहा उकळत असला तरी झाकणाकडे संशयानं बघायचा. जीपभोवती त्यांनी दोन फेऱ्या मारल्या.

"हवा म्हणजे आळशी जावई," ते म्हणाले. "बसली की उठत नाही. ढकलून बाहेर काढायला लागते. मागच्या दाराला भोक पाड, पंखा बसव आणि घाण हवा बाहेर फेक. ताजी हवा आपोआप येते."

"कुठून येते, काका?" चौकशी.

"आपोआप."

"हो, पण कुठून?"

"अगं, हवा काय पत्ता विचारत येते का? घाण गेली की ताजी येते. जगाची रीत आहे."

तेवढ्यात तिसऱ्या मजल्यावरच्या काकू भाजीची पिशवी घेऊन थांबल्या. काकूंच्या नात्यातली माणसं फार विचित्र प्रकारांनी गेलेली होती.

"माझ्या चुलतनणंदेच्या दिराच्या गाडीत अश्शीच हवा कोंडायची," त्या म्हणाल्या.

"मग?" सावधानरावांनी विचारलं.

"नको. जेवायची वेळ झालीय."

"सांगा ना, काय झालं?"

"नको म्हटलं ना, तुमच्या घरात लहान मूल आहे," असं म्हणून काकू जिना चढून गेल्या. त्या दिवशी सावधानरावांना घास गिळेना. सांगितलेल्या गोष्टीची भीती माणसाला पुरते. न सांगितलेल्या गोष्टीची उरते.

दुसऱ्याच दिवशी जीप मिस्त्रीकडे गेली. मिस्त्री मोजकं बोलणारा. बोलण्याआधी पान्यानं कान खाजवायचा, त्यामुळे त्याचं पुढचं वाक्य येतंय हे आधी कळायचं. त्यानं जीप सुरू केली, कान खाजवला आणि म्हणाला, "साहेब, खाली धुराच्या नळीचा आवाज येतोय जरा. बघू का?"

आता इथे, मुलांनो, थोडं थांबा. सावधानरावांच्या जागी तुम्ही असता तर काय म्हणाला असता? 'बघा' म्हणाला असता. पण सावधानरावांनी एक फाईल पाहिली होती, ज्यात एका माणसानं दोन दुरुस्त्या एकदम काढल्या आणि दोन्ही अर्धवट राहिल्या. तेव्हापासून त्यांचा नियम होता: एका वेळी एकच काम. सावधपणाही कधीकधी डोळ्यांवर पट्टी बांधून चालतो.

"नळीचं पुढच्या महिन्यात," ते म्हणाले. "आधी हवा."

मिस्त्रीनं खांदे उडवले. भंगारातल्या एका मोटारीच्या रेडिएटरचा पंखा काढला, मागच्या दाराला ताटाएवढं गोल भोक पाडलं आणि पंखा तोंड बाहेर करून बसवला. कळ दाबली, तेव्हा असा आवाज झाला की पलीकडच्या दुकानातल्या शिंप्यानं मान वर करून आभाळात पाहिलं. जीपमधला एक जुना रुमाल, दोन वाळकी पानं आणि सावधानरावांच्या खिशातली पावती दारातल्या भोकातून उडून रस्त्यावर गेली.

"खेचतोय," मिस्त्री समाधानानं म्हणाला.

सावधानरावांनी तो दिवस अभिमानात काढला. संध्याकाळी बॉयलरकाकांनी पंख्याची पाठ थोपटली आणि सहज विचारलं, "परवानगी घेतलीस ना रे भोकाची?"

बस. दुसऱ्या दिवशी दार उघडायच्या आत सावधानराव रांगेत उभे होते.

वाहन कचेरीत चार नंबरच्या खिडकीवर एक कारकून बसले होते. सावधानराव स्वतः कारकून, त्यामुळे कारकुनाची त्यांना जितकी भीती वाटे तितकी वाघाचीही नसेल. वाघाला मांजरासारखं चुचकारून पाहता येतं.

"काय केलंय?"

"मागच्या दाराला भोक."

"पाडलंय की पाडायचंय?"

"पाडलंय."

कारकुनांनी चष्मा काढला. "खरं बोललात, तिथेच गोची झाली. परवानगी पाडण्याआधी असते. आता एकच उपाय. भोक बुजवा, अर्ज करा, मंजुरी आली की परत पाडा."

"पण भोक तर आहेच..."

"मी ते पाहिलंय का? नाही. तुम्ही सांगितलंत म्हणून आहे. बुजवणं कागदावर झालं तरी पुरे."

अर्जावर रंग बदलण्याचा रकाना होता, इंजिन बदलण्याचा होता, आसनं बदलण्याचा होता. भोकाचा नव्हता. मग 'इतर'वर खूण झाली. 'इतर' सात नंबरच्या खिडकीवर, आणि सात नंबर फक्त सोमवारी. दोन सोमवार गेले. सात नंबरच्या बाईंनी भोकाचा व्यास विचारला, आडवा आणि उभा. भोक गोल आहे म्हटल्यावर त्या म्हणाल्या, असू दे, रकाने दोन आहेत. तिसऱ्या सोमवारी एक तपासनीस फीत आणि पाटी घेऊन कचेरीच्या आवारात उतरले. शाळेला सुट्टी म्हणून चौकशी बरोबर होती.

तपासनीस पुढे बसले, सावधानराव शेजारी, चौकशी मागे. दारं लावली. पंखा सुरू झाला. तपासनिसांच्या पाटीवरचा एक कागद सुटून गिअरच्या दांड्यापाशी पडला, आणि मुलांनो, तो तिथे स्वस्थ पडून राहिला नाही. दांड्याच्या मुळाशी रबराची एक टोपी असते. ती फाटलेली होती. त्या फटीवर तो कागद थरथरत वर उचलला गेला, जणू खालून कोणी फुंकर घालतंय.

"साहेब, कागद खालून वर का येतोय?" चौकशीनं विचारलं.

"पंख्यात दम आहे, बाळ," तपासनीस म्हणाले आणि त्याच कागदावर त्यांनी लिहिलं: 'हवा खेळती आहे. हरकत नाही.' खाली सही, शिक्का, तारीख.

सावधानरावांनी तो कागद प्लास्टिकच्या पिशवीत घालून पुढच्या काचेमागे चिकटवला. तीन सोमवार खर्चून मिळालेला कागद. वाचून कोणालाही वाटावं की ही जगातली सर्वांत सुरक्षित गाडी आहे. पोरीच्या प्रश्नाला उत्तर मात्र कोणी दिलं नव्हतं. आणि उत्तर न मिळालेला प्रश्न, मुलांनो, कुठे जात नाही. तो गाडीत बसून असतो.

पुढच्या शनिवारी तिघं निघाली. दगडांच्या रस्त्यावर धूळ फार, म्हणून पुढच्या दारांच्या फटीतसुद्धा सावधानरावांनी कापडाच्या पट्ट्या कोंबल्या होत्या. सगळं बंद आणि पंखा पूर्ण वेगात. वास जवळजवळ नाहीसा झाला होता. ओला कुत्रासुद्धा गेला.

"बघ, म्हटलं नव्हतं?" पंख्याच्या आवाजाच्या वर ते ओरडले.

"माझं डोकं चढलंय," आई कपाळ दाबत म्हणाली. "हा आवाज बंद करता का जरा?"

"आवाजच तर काम करतोय!"

पंधरा मिनिटं गेली. वीस गेली. मागून एकही प्रश्न आला नाही. टेकडी का गोल आहे, खाण खोल किती, बकरीला दगड का टोचत नाही, काही नाही. सावधानरावांना आधी बरं वाटलं. मग थोडं कमी बरं वाटलं. त्यांना जांभई आली. मग दुसरी आली. समोरचा रस्ता मऊ दिसायला लागला आणि त्या मऊ रस्त्यावर त्यांना त्यांच्याच अक्षरात लिहिलेलं एक वाक्य दिसलं, सात-आठ वर्षांपूर्वीच्या एका फायलीतलं: 'गाडीतील सर्व जण गाढ झोपेत असल्यासारखे दिसत होते.' त्या फाईलच्या शेवटी त्यांनी आडवा शिक्का मारला होता आणि डबा उघडून जेवले होते.

"चौकशी," ते म्हणाले. "झोपलीस का गं?"

उत्तर नाही.

"चौकशी! बकरीला दगड का टोचत नाही?"

आजवर तिनं सोडलेला एकही प्रश्न त्यांना आठवत नव्हता. त्यांनी ब्रेकवर दोन्ही पाय दिले. जीप आडवी झाली, थांबली. दार उघडायला त्यांना तीन प्रयत्न लागले, कारण हात दुसऱ्या कोणाचे तरी असल्यासारखे चालत होते. मागचं दार उघडलं, तर पोर बाकावर कलंडलेली. गाल लाललाल. मान उचलली तर ती ओल्या कापडासारखी त्यांच्या दंडावर पडली.

अपघात विभागातला वीस वर्षं मुरलेला माणूस त्या वेळी काय करतो, ते सांगतो. तो फक्त ओरडतो. अर्थ नसलेलं, नुसतं ओरडतो. आई मात्र ओरडली नाही. तिनं पोरीला त्यांच्या हातातून घेतलं, वाऱ्याच्या तोंडाशी एका दगडावर बसवलं, गालावर चापट्या मारल्या आणि आयुष्यात पहिल्यांदाच ग्रंथालयाला न शोभणाऱ्या आवाजात म्हणाली, "ऊठ! ऊठ गं माझे बाई, ऊठ!"

एक. दोन. तीन. वारा वाहत होता. जीपच्या दारातला पंखा अजून गरगरत होता.

चौकशीनं डोळे उघडले. "आलं का आजोबांचं घर?" तिनं विचारलं आणि सावधानरावांच्या बुटांवर उलटी केली.

उलटीचा एवढा आनंद जगात कोणाला झाला नसेल. ते बूट त्यांनी पुढे कितीतरी दिवस पुसले नाहीत, असं आई म्हणते.

खाणीचा दवाखाना अर्ध्या किलोमीटरवर होता. सावधानराव पोरीला पाठुंगळी घेऊन धावत सुटले. धावणं म्हणजे फाईल, चढावर धावणं म्हणजे दोन फायली, हे त्यांना आठवलंही नाही. मागून आई एका हातात पाण्याची बाटली आणि दुसऱ्या हातात नवऱ्याचा चष्मा घेऊन धावत होती.

डॉक्टरीणबाई लहानखुऱ्या होत्या आणि त्यांना घाई नव्हती. त्यांनी चौकशीच्या तोंडावर प्राणवायूची नळी लावली, तिघांच्या डोळ्यांत दिवा टाकून पाहिला आणि सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "धुरातला एक वायू असतो. त्याला रंग नाही, वास नाही. गुपचूप येतो आणि रक्तातली प्राणवायूची जागा बळकावतो. आधी डोकं दुखतं, मग ओकारी, मग झोप. आणखी पाव तास गेला असता तर..." पुढचं त्या बोलल्या नाहीत. तिसऱ्या मजल्यावरच्या काकूंच्या नात्यातलीच हकीकत असणार ती.

तासाभरानं त्यांनी नळी काढली. "शाळेत पाढे कुठपर्यंत झालेत?"

"तीसपर्यंत."

"एकोणीसचा म्हण बघू."

चौकशीनं धडाधड म्हटला, एकोणीस दाहे एकशे नव्वदपर्यंत, न थांबता.

"पाढे कशाला?" तिनं लगेच विचारलं.

"हा वायू डोक्यात शिरला ना, की आधी हिशेब चुकायला लागतो. साधं गणित अडलं की समजायचं, आधी मोकळ्या हवेत पळायचं. विचारत बसायचं नाही."

चौकशीनं मान डोलावली. ती विचारत बसली नाही, हे कोणाच्या लक्षात आलं नाही.

जीप मिस्त्रीनं येऊन नेली, पंखा बंद आणि दारं दोरीनं उघडी बांधून. दुसऱ्या दिवशी तो जीपखाली शिरला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. बाहेर आला तेव्हा त्यानं कान खाजवला नाही. "नळीचा सांधा तुटलाय," तो म्हणाला. "बरोबर गिअरच्या फटीखाली. मी तेव्हाच बघायला पाहिजे होतं, साहेब."

"तुम्ही विचारलं होतंत," सावधानराव म्हणाले. त्यांचा चेहरा असा झाला होता की मिस्त्रीनं दुसरीकडे पाहिलं.

"पण हवा आत कुठून येत होती?" चौकशी मध्ये शिरली. या वेळी मिस्त्रीनं खाली बसून तिला नीट सांगितलं. एक रिकामा डबा घेतला, झाकण लावलं, झाकणाला एक भोक पाडलं आणि तळाला एक. "वरच्या भोकातून तोंडानं ओढ. आता खालच्या भोकावर बोट ठेव. काय होतंय?"

"बोट ओढलं जातंय!"

"तशी गाडी. मागून पंखा ओढतोय, सगळं बंद आहे, मग हवा जिथे फट मिळेल तिथून आत येणार. तुमच्या गाडीला फट होती ती गिअरपाशी, आणि त्या फटीखाली धूर." तो थांबला. "पंखा जेवढा चांगला, तेवढा धूर जास्त. आणि आम्ही पंखा फार चांगला बसवला होता."

मग त्यानं नळी बदलली, फाटकी टोपी बदलली, जमिनीच्या पत्र्यातली भोकं मोजली (नऊ निघाली) आणि बुजवली. पुढची काच पुसताना त्याला काचेखाली रंगाखाली दडलेली एक आडवी रेघ दिसली. खरवडली तर ती झडप निघाली. समोरून ताजी हवा आत यावी म्हणून गाडी बनवणाऱ्यांनीच ठेवलेली. कोणीतरी कधीतरी वरून रंग मारून ती मिटवून टाकली होती. पान्याचे चार ठोके बसले आणि सव्वीस वर्षांची ती झडप करकरत उघडली. काम झालं. पंखा काढून दारातल्या भोकावर पत्रा ठोकला.

त्यासाठी सावधानराव पुन्हा चार नंबरच्या खिडकीवर गेले. "भोक बुजवायचंय," ते म्हणाले.

"बुजवलंय की बुजवायचंय?"

सावधानराव आयुष्यात पहिल्यांदा सरकारी खिडकीसमोर खोटं बोलले. "बुजवायचंय," ते म्हणाले आणि त्यांचे कान लाल झाले.

खरं कारण सापडल्यामुळे आईनं भंगाराचं नाव पुन्हा काढलं नाही. गाडी ठीक आहे हे मिस्त्रीनं सांगितलं, डॉक्टरीणबाईंनी फोनवर सांगितलं, बॉयलरकाकांनी न विचारता सांगितलं. पण सावधानरावांना पोरीला 'चल, बस' म्हणायचा धीर होईना. खणातून खिडक्यांचे दांडे काढून त्यांनी स्वतःच्या हातानं बसवले, काचा पूर्ण खाली घेतल्या, तरी नाही. तीन शनिवार आजोबांनी वाट पाहिली. चौथ्या शनिवारी सावधानराव आईला म्हणाले, "अगं, आज तू चालव. मी मागे बसतो, तिच्या जागेवर. आत काही येत असेल तर आधी माझ्या नाकात येऊ दे."

आई त्यांच्याहून चांगली चालवायची. तिनं किल्ली घेतली.

सावधानराव मागच्या बाकावर बसले आणि दोन्ही हातांनी दांडी धरली. चौकशीला पुढची जागा दिली होती. ती पुढे गेली, दार उघडलं, परत लावलं आणि मागे येऊन बाबांच्या समोरच्या बाकावर बसली.

"पुढे बस गं."

"नको. मला तुमचं तोंड दिसायला पाहिजे."

गाडी निघाली. झडपेतून वारा येत होता, खिडक्यांतून वारा येत होता, धूळही येत होती. चौकशी बाबांकडे टक लावून बघत होती. खाणीचं वळण जवळ आलं आणि सावधानरावांच्या तळव्यांना घाम सुटला. घाम कशाचा, हे त्यांना माहीत होतं. तिला माहीत नव्हतं.

"बाबा, सतराचा पाढा म्हणा."

"आत्ता?"

"आत्ता."

"सतरा एके सतरा," सावधानराव म्हणाले. "सतरा दुणे चौतीस. सतरा त्रिक एक्कावन्न. सतरा चोक अडुसष्ट. सतरा पाचे पंच्याऐंशी. सतरा सक एकशे दोन. सतरा साते एकशे एकोणीस. सतरा आठे..." ते थांबले. "सतरा आठे एकशे... चौतीस?"

"आई, गाडी थांबव!"

आईनं करकचून ब्रेक दाबला. चौकशीनं मागचं दार लाथेनं उघडलं, खाली उडी मारली आणि बाबांचा हात धरून त्यांना ओढत बाहेर काढलं. अंगात एवढी ताकद तिनं कुठून आणली कोण जाणे. तिनं त्यांना वाऱ्याच्या तोंडाशी एका दगडावर बसवलं, दोन्ही हातांनी त्यांचा चेहरा धरला आणि आधी एका डोळ्यात पाहिलं, मग दुसऱ्या.

सावधानरावांना सांगायचं होतं की सतरा आठे त्यांना चौथीपासून येत नाही. त्यावर त्यांनी गुरुजींच्या छड्या खाल्ल्या आहेत आणि कचेरीतही सतराचा प्रश्न आला की ते शेजारच्या टेबलाला विचारतात. पण तिचा चेहरा पाहून त्यांचे ओठ उघडेनात. पुढच्या खिडकीतून आई बघत होती. तिला त्यांचं सतरा आठे चांगलं माहीत होतं. तिनं इंजिन बंद केलं.

"श्वास घ्या," चौकशी म्हणाली. "खोल. आणखी. सोडा."

त्यांनी घेतला, सोडला. तिनं वीसपर्यंत मोजलं. मग त्यांच्या मानेला हात लावून पाहिला, त्यांच्या शेजारी दगडावर खेटून बसली आणि त्यांचा पंजा आपल्या दोन्ही हातांत घट्ट धरून म्हणाली, "आता माझ्यामागे म्हणा. सतरा एके सतरा."